काय दिसतंय ते सांगा

छगनभाऊंच्या लॅपटॉपवर कुंकवाचं स्वस्तिक काढलेलं होतं आणि लाभपाचमीपर्यंत ते पुसायचं नाही, अशी मला ताकीद होती. शहाद्यात त्यांचं खता-बियाण्यांचं जुनं दुकान आहे. पूर्वी लक्ष्मीपूजनाला चोपडीची पूजा व्हायची. आता हिशेब लॅपटॉपमध्ये गेला, म्हणून पूजाही लॅपटॉपची. त्यात वावगं काहीच नाही. फक्त चोपडी उघडून तिच्या पानावर सुपारी, नाणं, अक्षता ठेवतात आणि मग ती भक्तिभावानं मिटतात, तसंच भाऊंनी इथंही केलं होतं.

"ताई, मन्हा लॅपटॉप चालू व्हई नही ऱ्हायना."

"काय व्हयनं भाऊ?"

"काहीच नही. मी त्याले हात बी लाया नही."

मी झाकण उघडलं. सुपारी जिथं दाबली गेली होती तिथून पडद्याची काच चहूकडे तडकली होती. सुपारीला काही झालं नव्हतं. भाऊ एकदा काचेकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिले आणि मग त्यांनी चहा सांगितला.

कॉम्प्युटर दुरुस्तीच्या या धंद्यात माझे केस पांढरे झाले. कळसाडीच्या ऊस-कापसाच्या घरातली सून शहाद्याला दुकान थाटून स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसते, याचं लोकांना आधी नवल वाटायचं, नंतर सवय झाली. "हात लावला नाही" हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलंय की ते ऐकू आलं नाही तर मलाच चुकल्यासारखं होतं. तर असं वाक्य कानावर पडल्यावर दुरुस्ती करणाऱ्यानं कसं वागावं यावर चक्क परीक्षेत प्रश्न येतो, हे मला कळलं ते रमिलामुळे.

रमिला वसावे ही मोलगीच्या पलीकडच्या एका पाड्यावरची मुलगी. वसतिगृहात राहून शिकली, कॉम्प्युटरची पदवी घेतली. एके दिवशी दुपारी दुकानात आली आणि दारातच उभी राहिली. मी "ये" म्हटलं तेव्हा आत आली, "बस" म्हटलं तेव्हा बसली. मग तिनं सांगितलं की ती एका परीक्षेची तयारी करतेय. लोकांचे कॉम्प्युटर बिघडले की त्यांना मदत करणाऱ्यांची जी नोकरी असते, तिच्या पहिल्या पायरीची ही परीक्षा. जगभर चालते, पेपर इंग्रजीत असतो. पुस्तक तिनं पुष्कळ वाचलं होतं, पण कॉम्प्युटर आतून उघडलेला कधी पाहिलाच नव्हता.

"कशासाठी हवीय ही परीक्षा?" मी विचारलं.

"सुरतला एका कंपनीत मदतीच्या टेबलावर जागा आहे, मॅडम. दिवाळीनंतर रुजू करून घेणार. हे प्रमाणपत्र असेल तरच." मग जरा थांबून म्हणाली, "आमच्या घरातलं प्रत्येक माणूस सुरतेकडे गेलंय. आई, बाबा, भाऊ, सगळे. ऊस तोडायला, नाहीतर बांधकामावर. मला तिथं खुर्चीत बसून काम करायचंय."

दुसऱ्या दिवसापासून तिला यायला सांगितलं. खरं सांगायचं तर त्यात माझाही स्वार्थ होता. मी जे काम जन्मभर करत आले त्याचं पुस्तकही असतं, हे ऐकल्यापासून मला चैन पडेना. आपण ज्याला 'जरा बघते' म्हणतो त्याला ते लोक काय म्हणत असतील, याची मला भारी उत्सुकता.

पुस्तक मोठं गमतीचं निघालं. बाहेरच्या माणसाला वाटतं, दुरुस्ती म्हणजे मोडलेलं बदलायचं. तसं नाही. दुरुस्ती म्हणजे मुख्यतः शोध. पुस्तकात त्याच्या पायऱ्याच दिल्यात. आधी माणसाला विचारा की झालं काय. मग अंदाज बांधा. अंदाज खरा की खोटा ते तपासा. मग काय करायचं ते ठरवा, करा, सगळं नीट चालतंय याची खात्री करा, आणि शेवटी काय काय केलं ते लिहून ठेवा. हे सगळं मी करतच होते, शेवटचं सोडून. वाचताना मला सारखं वाटत होतं की कुणीतरी चोरून माझ्या दुकानाच्या खिडकीतून बघून हे लिहिलंय.

पण ज्या जगात हे घडतं ते जग वेगळंच. तिथं वीज कधी जात नाही. रमिला सरावाचे प्रश्न सोडवायची आणि 'कॉम्प्युटर सुरू होत नाही' असं दिसलं की डोळे मिटून 'वीज आहे का ते पाहा' हा पर्याय निवडायची. तो चुकायचा, कारण प्रश्नातच वर कुठंतरी बाजूचा दिवा चालू असल्याचं लिहिलेलं असायचं. त्या जगात धूळ होती, पण पिसं नव्हती. नवापूरच्या पोल्ट्रीतला कॉम्प्युटर उघडला की मला आधी कोंबडीची पिसं उपसावी लागतात, मग खालचा पंखा दिसतो. आणि त्या जगात एक 'युजर' नावाचा माणूस होता. त्याला नाव नाही, गाव नाही, तो फक्त येऊन सांगतो की चालत नाही. त्याचं वय काय असेल, त्याला घाई कसली आहे, असं मी रमिलाला विचारायची. ती हसायची नाही. "मॅडम, उत्तर ब आहे," एवढंच म्हणायची.

सगळ्यांत अवघड प्रश्न असायचे 'सर्वांत आधी काय कराल' या प्रकारचे. चारही उत्तरं बरोबर, पण आधीचं एकच. अशा एका प्रश्नाला मी तिला माझी एक फजिती सांगितली. हसवण्यासाठी म्हणून सांगितली होती.

मोलगीच्या बाजूला एका वसतिगृहात इंटरनेटचं नवं यंत्र पाठवलं होतं. ते चालत नाही असा निरोप आला, म्हणून मी फोन लावला. तिथल्या म्हाताऱ्या रखवालदारानं उचलला. मी विचारत गेले. यंत्राची वायर बोर्डात लावली का? हो. बटण दाबलं का? हो. दिवा लागला का? हो. हिरवा लागला का? हो. एकदा बंद करून पुन्हा चालू केलं का? हो. म्हटलं, एवढं सगळं करूनही चालत नाही तर यंत्रच बिघडलेलं असणार. दुसरं यंत्र पिशवीत घातलं आणि जीप पकडून घाट चढले. त्या दिवशी मोलगीचा बाजार, त्यामुळे जीपमध्ये माझ्या मांडीवर कुणाचं तरी गाठोडं आणि पायाशी कोंबड्या. पोचले तर बाबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि मग कोपऱ्यातलं खोकं दाखवलं. यंत्र त्या खोक्यातून बाहेरच काढलेलं नव्हतं. वरची चिकटपट्टीसुद्धा तशीच होती.

ही गोष्ट मी शहाद्यात कितीतरी जणांना सांगितलीय, आणि प्रत्येक जण पोट धरून हसलाय. रमिला हसली नाही.

"ते नाही कसं म्हणतील, मॅडम?"

"म्हणजे?"

"तुम्ही मोठ्या. शहरातून बोलताय, भराभरा विचारताय. तुम्हाला नाही म्हणायचं म्हणजे तुमचं तोंड बंद करायचं. आमच्याकडं तसं करत नाहीत. पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, साहेबाला म्हणत नाहीत. तुम्ही पाणी पिऊन बसला असता आणि म्हणाला असता, 'बाबा, यंत्र कुठं आहे, कसं दिसतंय,' तर त्यांनी पहिल्याच वाक्यात खोकं सांगितलं असतं."

मला राग आला. मग विचार करत बसले. छगनभाऊ तरी कधी नाही म्हणतात? उधारी मागितली तर 'दखू' म्हणतात. आमच्या खानदेशात 'दखू', म्हणजे 'बघू', याचा अर्थ 'नाही' हे लहान पोरालाही कळतं. पण ते कळतं म्हणून मी त्यावर यंत्र पिशवीत घालून निघत नाही. बाबांचं 'हो' मला कळलं नाही, कारण ते मी माझ्या कानांनी ऐकलं. मग आम्ही पुस्तक उघडलं तर त्यात हेच होतं. ज्याचं उत्तर हो किंवा नाही एवढंच येईल असा प्रश्न आधी विचारू नका, समोरच्याला बोलू द्या. पुस्तकाला ते सांगायला चार ओळी लागल्या होत्या. रमिलानं ते पाड्यावरून आणलं होतं.

त्यानंतर आमची तयारी रंगली. मी दुकानातला एक जुना कॉम्प्युटर मुद्दाम बिघडवून ठेवायची. कधी आतली मेमरीची पट्टी सैल करायची, कधी मागचं बटण बंद, कधी वायर अर्धवट. आणि मग मी युजर व्हायची. माझा युजर मी छगनभाऊंवर बेतला होता. "ओ पोरी, मन्हाकडे येळ नही शे, लवकर सांग," असं म्हणत मी टेबलावर बोटं वाजवायची. रमिला शांतपणे म्हणायची, "काय दिसतंय ते सांगा." तिचं हे एक वाक्य इतकं नेमकं बसायचं की भाऊ होऊन चिडायचं सोडून मी खरंच सांगू लागायची. बिघाड ती पटकन शोधायची. तिची बोटं हलकी होती.

एकच खोट होती. मी भाऊ होऊन ठासून म्हटलं, "वायर लायेल शे, तू पुढचं बोल," की ती पुढचं बोलायची. वायर सुटलेली तिला समोर दिसत असायची, तरीही.

"अगं, म्हण ना, नाही लागलेली म्हणून," मी म्हणायची.

"हो, मॅडम."

पुढच्या वेळी पुन्हा तेच. मी म्हटलं, परीक्षा पडद्यावरची, तिथं कुठं कोण ठासून बोलणार आहे. सोडून दिलं.

परीक्षेला दोन तऱ्हेचे प्रश्न असतात. एक पर्यायांचे आणि दुसरे करून दाखवायचे, म्हणजे पडद्यावर खोटाच कॉम्प्युटर दिसतो आणि त्यातला बिघाड आपण दुरुस्त करायचा. या दुसऱ्यांना गुण भरपूर. ते सुरुवातीलाच येतात आणि वेळ खातात. म्हणून आम्ही ठरवलं की ते खूण करून मागे ठेवायचे, पर्याय भराभर उरकायचे आणि उरलेला सगळा वेळ त्यांना द्यायचा. करून दाखवायचं म्हटलं की रमिला चुकणं शक्यच नव्हतं. तिची सगळी भिस्त त्या प्रश्नांवर होती.

केंद्र सुरतेला होतं. मीही बरोबर निघाले. तिला सोबत हवी होती आणि मला ते केंद्र बघायचं होतं. नंदुरबारहून सकाळची गाडी घेतली. नवापूर गेलं, तशी ती खिडकीबाहेर बघत म्हणाली की या गाडीनं ती लहानपणी पुष्कळदा गेलीय, पण खिडकीजवळ पहिल्यांदाच बसलीय. मग पुन्हा पुस्तकात डोकं घातलं.

केंद्रात तिचा फोन काढून घेतला, घड्याळ काढून घेतलं, बाह्या वर करायला लावल्या. मी काचेतून बघत होते. दारावरच्या माणसाला मी इतके प्रश्न विचारले की त्यानं शेवटी मला दूरची खुर्ची दाखवली. निकाल संध्याकाळी फोनवर येतो, एवढं मात्र त्याच्याकडून काढून घेतलं.

रमिला बाहेर आली.

"बरा गेला ना पेपर?"

"हो."

"सगळे सोडवलेस?"

"हो."

"ते करून दाखवायचे? खूण केलेले?"

"हो, मॅडम."

मला इतका आनंद झाला की मी तिला ओढतच सुरतेचा वाफवलेला लोचो खायला घेऊन गेले. मी दोन बशा खाल्ल्या. तिनं बशीतलं इकडचं तिकडं केलं. मग रिक्षानं स्टेशनवर आलो, बाकावर बसलो. गाडीला वेळ होता. मी सुरतेत तिला खोली कुठं मिळेल यावर बोलत होते. रोज रिक्षा परवडेल का, जेवणाचं बघशील ना, फोन करशील ना. ती हो म्हणत होती. हो, हो, हो. एकाएकी हे मी कुठं ऐकलंय ते मला आठवलं.

मी बोलायची थांबले. पाण्याची बाटली तिच्या हातात दिली. ती प्यायली. मीही प्यायले.

"रमिला, आत गेल्यापासून तुला काय काय दिसलं ते सांग."

ती समोरच्या रुळांकडे बघत बोलायला लागली. पर्यायाचे प्रश्न तिनं ठरल्याप्रमाणे भराभर केले. वेळ पुष्कळ उरला होता. खूण केलेल्या प्रश्नांकडे वळणार तेवढ्यात पडदा अडकला. तिनं हात वर केला. देखरेख करणारे सर आले, काहीतरी दाबलं, पडदा सुरू झाला आणि शेवटचं पान समोर आलं. ते घाईत होते. म्हणाले, "हो गया ना बेटा? सबमिट कर दूँ?"

"मग?"

"मी हाँ म्हटलं."

"का गं?"

"ते उभे होते, मॅडम."

मला रडू येईल असं वाटलं. तिच्यावर राग नव्हता, त्या माणसावरही नव्हता. बिचाऱ्यानं सहज विचारलं असणार, जसं मी मोलगीच्या बाबांना विचारलं होतं, जसं मी स्वतः केंद्राच्या दारात तिला विचारलं होतं. महिनोन् महिने आम्ही दोघी या एका गोष्टीवर बोलत होतो, आणि तरी ती हे मनात दाबून माझ्याशेजारी बसून होती. लोचो खाल्ला तेव्हाही तिला ठाऊक होतं की ती नापास झालीय.

"चल," मी म्हटलं.

"गाडी?"

"जाऊ दे."

रिक्षात मी भांडणाची सगळी तयारी केली. माझं हिंदी तोडकंमोडकं असलं तरी भांडायला पुरतं. पण केंद्रातल्या टेबलावरच्या माणसानं मला पहिल्याच वाक्याला अडवलं. "आप मम्मी हैं?" नाही म्हटलं. "तो आप बैठिए. जिसका पेपर है वो बोलेगा." तक्रार त्याच दिवशी आणि ज्याची त्यानंच सांगायची, असा त्यांचा नियम होता. मी खुर्चीत बसले. माझ्यासारख्या बाईला तोंड मिटून बसवणं ही काय शिक्षा असते, ते माझ्या घरच्यांना विचारा.

वाचणाऱ्याचा जीव टांगणीला नको म्हणून निकाल इथंच सांगून टाकते. तिला पुढची तारीख मिळाली, ती बसली, आणि चांगल्या गुणांनी पास झाली. आज ती सुरतेत तिच्या खुर्चीत आहे. तिच्या टेबलावर कुणीकुणी फोन करतात आणि ती त्यांना काय दिसतंय ते विचारते. अडलं की कधीकधी मलाही विचारते, आणि हल्ली माझंच तिच्याकडे जास्त अडतं. पण ते सगळं नंतर. मला जेव्हा जेव्हा तिची आठवण येते तेव्हा ती त्या टेबलासमोर उभी असलेलीच दिसते.

माणूस वाईट नव्हता. दिवसभराचा थकलेला होता. कीबोर्ड पुढं ओढून म्हणाला, "बोलिए."

रमिलानं एवढंच सांगितलं की पडदा अडकला होता आणि मग पेपर सबमिट झाला. मी खुर्चीचा हात घट्ट धरला.

"सबमिट आपसे पूछ के किया था?"

"हाँ."

"आपने खुद हाँ बोला था?"

"हाँ."

त्यानं कीबोर्डवरून हात उचलले. मला वाटलं, संपलं. मी उठून उभी राहणार होते, पण त्यानं माझ्याकडे बघितलं आणि मी पुन्हा टेकले.

"हाँ बोला था," रमिला म्हणाली. "पर हुआ नहीं था. वो खड़े थे, इसलिए बोला."

त्यानं पुन्हा कीबोर्डवर हात ठेवले. मग त्यानं पडदा कुठल्या वेळी अडकला ते विचारलं, कॉम्प्युटर कुठला होता ते विचारलं, आणि ती सांगत गेली. खालच्या आवाजात, पण विचारलेली एकही गोष्ट न गाळता. तो टाइप करत होता; खूण करून ठेवलेल्या प्रश्नांबद्दल मात्र त्यानं विचारलंच नव्हतं. शेवटी त्यानं तिच्याकडे न बघताच घड्याळ पाहिलं आणि विचारलं,

"बस ना? इतना ही है?"

तिनं एकदा मागे वळून माझ्याकडे पाहिलं. ती पुन्हा त्याच्याकडे वळली.

"नहीं," ती म्हणाली. "अभी और है."